दालनाबाहेरचे शिक्षण : विद्यापीठांच्या आवारातील सार्वजनिक कला

कलाप्रदर्शन म्हटले की बंदिस्त दालन, ठरलेल्या तारखा, उद्घाटनाचा समारंभ आणि मुद्दाम वाट वाकडी करून आलेला रसिक एवढ्या गोष्टी सहसा गृहीत धरल्या जातात. विद्यापीठाच्या आवारात यांपैकी एकही गोष्ट अपरिहार्य नसते. तेथे वसतिगृहाच्या छतावर रंगवलेले चित्र अंथरुणावर पडल्यापडल्या दिसते, वर्गाकडे जाणाऱ्या वाटेवर झाडांमध्ये उभे असलेले शिल्प कोणी मागितले नसतानाही रोज सामोरे येते, आणि वर्षातून एकदा कार्यशाळांची दारे उघडून विद्यार्थ्यांची पुरी-अपुरी कामे परीक्षकांबरोबर गावातल्या माणसांनाही पाहू दिली जातात. या सर्व प्रकारांना मिळून येथे ‘आवारातील सार्वजनिक कला’ असे म्हटले आहे. त्यात कायम स्वरूपाची भित्तिचित्रे आणि शिल्पे येतात, दरवर्षी मांडली आणि उतरवली जाणारी प्रदर्शने येतात, तसेच उत्सव, जत्रा, प्रात्यक्षिके यांसारखे कार्यक्रमही येतात, कारण प्रत्यक्ष व्यवहारात हे तिन्ही प्रकार एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

या विषयाचा विचार बहुधा दोन चौकटींत होतो. कलेतिहासाच्या चौकटीत आवारातील एखादे शिल्प त्याच्या कर्त्याच्या चरित्रातील एक टप्पा ठरते, तर प्रशासनाच्या चौकटीत तेच शिल्प मालमत्तेच्या नोंदवहीतील एक बाब ठरते. दोन्ही चौकटींतून एक गोष्ट निसटते, ती म्हणजे ही कला शिकवण्याच्या ओघात निर्माण झाली, तिचा पहिला प्रेक्षक तिच्या निर्मितीत हात गुंतवून उभा होता आणि तिच्या पूर्णत्वापेक्षा तिच्या घडण्याला तेथे अधिक मोल होते. प्रस्तुत विवेचनाची भूमिका अशी आहे की भारतातील विद्यापीठांच्या आवारात सार्वजनिक कलेची जी परंपरा खऱ्या अर्थाने रुजली, ती इमारती सजवण्याच्या हौसेतून आली नाही आणि संग्रहालयाच्या अनुकरणातूनही आली नाही, तर कला शिकवायची कशी या प्रश्नाच्या उत्तरातून आली. म्हणूनच तिचे मूल्यमापन, तिचे जतन आणि तिच्यावरून होणारे वाद यांचाही उलगडा शिक्षणाच्या अंगाने केल्याशिवाय होत नाही.

ही भूमिका स्पष्ट व्हावी म्हणून एक तुलना उपयोगी पडते. विसाव्या शतकाच्या मध्यास लॅटिन अमेरिकेत दोन विद्यापीठांची आवारे कलाकृतींसह आखली गेली. मेक्सिको शहरातील राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या चारही बाह्य भिंती हुआन ओ’गोर्मन यांनी नैसर्गिक रंगांच्या दगडांचे तुकडे जडवून मेक्सिकोच्या इतिहासाने भरून टाकल्या, आणि व्हेनेझुएलातील काराकास येथे वास्तुविशारद कार्लोस राऊल व्हियानुएव्हा यांनी मुख्य सभागृहाच्या छतातच अलेक्झांडर काल्डर यांचे तरंगते आकार बसवले, जे शिल्प म्हणून दिसतात आणि सभागृहातील ध्वनीचे नियमनही करतात. युनेस्कोने काराकासच्या आवाराला २००० साली आणि मेक्सिकोच्या आवाराला २००७ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या दोन्ही ठिकाणी योजना आधी झाली, नामवंत कलावंतांना काम नेमून दिले गेले आणि विद्यार्थी आले तेव्हा कला तयार होती. शांतिनिकेतन आणि बडोदा येथे क्रम उलटा होता. तेथे विद्यार्थी आधी होते, भिंत नंतर रंगली, आणि ती रंगवणाऱ्यांत विद्यार्थीही होते.

विद्यापीठ आणि कला यांचा भारतातील पहिला परिचय मात्र अलंकरणाच्या रूपानेच झाला, आणि त्याचे ठळक उदाहरण मुंबईत आहे. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट भागातील इमारतींचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी इंग्लंडमध्ये बसून तयार केला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेला राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला आणि त्याच्या अंगावर पश्चिम भारतातील विविध जातिजमातींच्या माणसांच्या दगडी आकृती बसवल्या गेल्या. रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवलेल्या या आकृती कौशल्याच्या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. परंतु विद्यापीठ हे त्या काळी मुख्यतः परीक्षा घेणारे आणि पदव्या देणारे मंडळ असल्यामुळे त्या आकृतींचा तेथील अध्ययनाशी काही संबंध नव्हता. त्याच शहरात १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत कला शिकवली जात होती, आणि जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तेथील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत अनेक हंगाम अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. पुढे १९२० च्या दशकात ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी तेथे भित्तिचित्रणाचा स्वतंत्र वर्ग चालवला. कौशल्य, विद्यार्थी आणि भिंत हे तिन्ही घटक मुंबईत अशा प्रकारे उपलब्ध होते, पण कलाशाळा विद्यापीठाबाहेर राहिली आणि तिचे मोठे काम सरकारी किंवा खासगी इमारतींसाठी होत राहिले. शिकण्याची जागा आणि दाखवण्याची जागा एकच असावी, ही कल्पना रुजायला वेगळ्या प्रकारच्या संस्थेची गरज होती.

ती संस्था बंगालमधील बीरभूमच्या लाल मातीत, शांतिनिकेतनात, उभी राहिली. देवेंद्रनाथ ठाकुरांनी १८६३ साली वसवलेल्या आश्रमाच्या जागी रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शाळा सुरू केली, १९१९ मध्ये कलाभवनाचा आरंभ झाला आणि १९२१ मध्ये विश्वभारतीची विधिवत स्थापना झाली. कलाभवनाची धुरा नंदलाल बोस यांच्याकडे आली आणि ती त्यांनी १९५१ पर्यंत वाहिली. नंदलालांच्या दृष्टीने चित्रकला ही चौकटीत बसवून विकण्याची वस्तू असण्याआधी राहत्या जागेला आणि ऋतुचक्राला जोडलेली कृती होती. शांतिनिकेतनातील झाडाखालचे वर्ग, तेथील ऋतूंचे उत्सव आणि साध्या सामग्रीने बांधलेली घरे यांमुळे या विचाराला पोषक भूमी मिळाली. भित्तिचित्र त्या विचाराचे नैसर्गिक माध्यम ठरले, कारण भिंत विकता येत नाही, ती एकट्याने रंगवणे अवघड असते आणि ती रोजच्या नजरेत राहते.

भित्तिचित्राची तंत्रेही तेथे शिकत शिकतच आत्मसात केली गेली. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावून गिलावा वाळताना रंग त्यात कायमचा मुरवण्याच्या पद्धतीला फ्रेस्को म्हणतात. जयपूरच्या कारागिरांकडे या पद्धतीची स्वतःची परंपरा होती, ज्यात रंगवलेला ओला पृष्ठभाग घोटून गुळगुळीत आणि चकचकीत केला जातो. जयपूरचे कारागीर नरसिंहलाल यांना शांतिनिकेतनात बोलावून शिक्षक आणि विद्यार्थी दोघांनीही हे तंत्र शिकून घेतले. नामवंत चित्रकार आणि परंपरागत मिस्त्री यांच्यातील गुरुशिष्यपणाची नेहमीची दिशा येथे उलटली, ही गोष्ट तंत्राइतकीच महत्त्वाची आहे. शांतिनिकेतनाजवळच्या श्रीनिकेतन येथे १९३० साली नंदलालांनी रंगवलेले ‘हलकर्षण’ हे नांगरणीच्या उत्सवाचे भित्तिचित्र, आणि चीनभवनातील ‘नटीर पूजा’ हे १९४२ चे भित्तिचित्र यांतून संस्थेच्या जीवनातील प्रसंग संस्थेच्याच भिंतींवर उमटले. कारण हलकर्षण हा तेथे प्रत्यक्ष साजरा होणारा उत्सव होता आणि ‘नटीर पूजा’ हे तेथे प्रत्यक्ष सादर झालेले रवींद्रनाथांचे नाटक होते.

बिनोदबिहारी मुखर्जी यांच्या कामात हा विचार सर्वांत खोल गेलेला दिसतो. जन्मापासून अधू दृष्टी असलेल्या या चित्रकाराने १९४० साली कलाभवनाच्या वसतिगृहाच्या छतावर बीरभूमच्या ग्रामजीवनाचे चित्र रंगवले, १९४२ मध्ये चीनभवनात आवारातील दैनंदिन जीवन चितारले आणि १९४६–४७ मध्ये हिंदीभवनाच्या मध्यवर्ती दालनातील तीन भिंतींच्या वरच्या भागात मध्ययुगीन संतांचा विशाल पट साकारला. हिंदीभवनात त्या काळी हजारीप्रसाद द्विवेदी यांच्यासारखा कबीराचा अभ्यासक होता, त्यामुळे संतसाहित्याचा अभ्यास जेथे चालतो तेथेच संतांची मांदियाळी भिंतीवर अवतरली. या चित्रात संत हे एकेकटे पूजनीय पुतळे नाहीत. विणकर, चर्मकार, यात्रेकरू, नदीकाठची वस्ती आणि शहरांची गर्दी यांतून ते वाहत येतात आणि पुन्हा त्या गर्दीत मिसळतात. वारीची परंपरा मनात वागवणाऱ्या मराठी वाचकाला या मांडणीतील समूहभाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. या कामात मदत करणाऱ्या तरुणांत के. जी. सुब्रमण्यन होते, जे पुढे बडोद्याच्या कलाशिक्षणाचे एक प्रमुख शिल्पकार ठरले. बिनोदबिहारींची दृष्टी १९५७ मध्ये पूर्णपणे गेली, तरीही १९७२ मध्ये त्यांनी कलाभवनाच्या भिंतीसाठी रंगीत फरशांचे भित्तिचित्र सिद्ध केले.

चित्रकलेत जे भिंतीमुळे घडले ते शिल्पकलेत मोकळ्या जागेमुळे घडले. रामकिंकर बैज यांनी १९३५ मध्ये निलगिरीच्या झाडांमध्ये उभी केलेली ‘सुजाता’ ही डोक्यावर पायसाचे पात्र घेतलेली उंच, सडपातळ आकृती आजूबाजूच्या बुंध्यांतीलच एक बुंधा वाटावी इतकी त्या जागेशी एकजीव झाली आहे. त्यानंतर १९३८ मध्ये ‘सांथाल कुटुंब’ आणि १९५६ मध्ये ‘गिरणीची हाक’ ही दोन मोठी शिल्पे आली. पहिल्यात खांद्यावरच्या कावडीत मूल आणि संसार घेऊन स्थलांतर करणारे सांथाल जोडपे आणि त्यांचा कुत्रा आहे. दुसऱ्यात गिरणीचा भोंगा ऐकून, ओले वस्त्र वाऱ्यावर वाळवत धावत निघालेल्या कामकरी स्त्रिया आहेत. संगमरवर किंवा कांसे परवडण्याजोगे नव्हते, आणि ते परवडले असते तरी तेथील भूमीला शोभले नसते. म्हणून रामकिंकरांनी सिमेंट आणि जांभ्या दगडाची बारीक खडी यांचे मिश्रण सांगाड्यावर थापून आणि फेकून आकार उभे केले. त्या काळापर्यंत भारतातील सार्वजनिक शिल्प म्हणजे प्रामुख्याने राज्यकर्ते, दाते आणि पुढारी यांचे चौथऱ्यावरील पुतळे असत. चौथरा जवळजवळ नाहीसा करून, नाव नसलेल्या श्रमिकांना माणसाहून मोठ्या आकारात आणि स्थानिक मातीच्या पोतात उभे करणे हा भारतीय आधुनिक शिल्पकलेतील मोठा बदल होता, आणि तो राजधानीतील चौकात न होता शिक्षणसंस्थेच्या आवारात झाला. तो तेथेच होऊ शकला, कारण पुतळा बसवण्यासाठी कोणत्याही समितीकडून संमत आराखडा आणण्याची अट तेथे नव्हती आणि चुकण्याची मुभा होती.

‘कालो बाडी’ किंवा काळे घर हे याच मुभेचे सामुदायिक रूप आहे. विद्यार्थ्यांच्या निवासासाठी १९३० च्या दशकात बांधलेल्या या मातीच्या घराच्या भिंतींवर शिक्षक आणि विद्यार्थी यांनी मिळून उत्थित शिल्पे, म्हणजे पार्श्वभूमीतून थोड्या उंचीने वर उठणारे आकार, कोरले आणि पावसापासून बचाव व्हावा म्हणून त्यांवर डांबराचा लेप दिला. भारहुत, इजिप्त, प्राचीन पश्चिम आशिया अशा दूरदूरच्या कलापरंपरांतील नमुने तेथे शेजारीशेजारी आहेत. पुस्तकातील छायाचित्रावरून कलेचा इतिहास पाठ करण्याऐवजी तो हाताने घडवून राहत्या घराच्या भिंतीवर लावण्याची ही पद्धत असल्यामुळे कालो बाडी एकाच वेळी वसतिगृह, पाठ्यपुस्तक आणि प्रदर्शन ठरते.

कायमस्वरूपी कामांबरोबर क्षणभंगुर कलाही या आवारात तितक्याच गांभीर्याने जोपासली गेली. अल्पना ही बंगालमधील भूमिरेखनाची कला महाराष्ट्रातील रांगोळीशी नाते सांगते, मात्र ती कोरड्या भुकटीने न रेखता तांदळाच्या पिठीच्या पातळ द्रवाने बोटांनी रेखली जाते. सुकुमारी देवी, गौरी भंज, जमुना सेन यांसारख्या स्त्रियांनी व्रतांशी बांधलेल्या या घरगुती कलेला वृक्षारोपण, वसंतोत्सव अशा सार्वजनिक समारंभांच्या मोकळ्या भूमीवर आणले आणि स्थानिक पानाफुलांच्या निरीक्षणातून तिचे आकार नव्याने घडवले. कलाशिक्षणाच्या इतिहासात या स्त्रियांचा उल्लेख ओझरता येतो, कारण त्यांच्या कामाचा संग्रह करता येत नाही. परंतु आवारातील सार्वजनिक कलेचा हिशेब मांडताना टिकाऊपणा हा एकमेव निकष मानला तर अर्धा इतिहास हिशेबाबाहेर राहतो.

आवारात घडलेली ही दृष्टी आवाराबाहेर नेण्याची दोन महत्त्वाची उदाहरणे काँग्रेसच्या ग्रामीण अधिवेशनांत सापडतात, आणि त्यांतील पहिले महाराष्ट्रातील आहे. खानदेशातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या सूचनेवरून तेथील मंडप आणि प्रदर्शन यांच्या सजावटीचे काम नंदलालांनी बांबूसारख्या स्थानिक सामग्रीतून केले. पुढे १९३८ मध्ये गुजरातमधील हरिपुरा येथील अधिवेशनासाठी त्यांनी शेतकरी, कारागीर, वादक, पहिलवान अशा माणसांची जोमदार रेषेतील चित्रफलके तयार केली आणि सहकाऱ्यांनी व विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती करून एकूण सुमारे ४०० फलके मंडपांच्या प्रवेशद्वारांवर आणि भिंतींवर लावली. कलाभवनात शिकून तेथेच अध्यापक झालेले कोल्हापूरचे विनायक मासोजी यांच्या रूपाने महाराष्ट्राचा त्या संस्थेशी व्यक्तिगत दुवाही होता. चित्रदालनाचा उंबरठा कधी न ओलांडलेल्या लोकांसमोर कला कशी मांडावी, याचा सराव आवारात झालेला असल्यामुळेच अधिवेशनाच्या मैदानावर ते काम साधले.

शांतिनिकेतनाचा विचार विद्यापीठाच्या औपचारिक चौकटीत बसवण्याचा प्रयोग बडोद्यात झाला. या शहराला कलेची आणि मराठी संस्कृतीची दुहेरी पार्श्वभूमी होती. सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली सुरू केलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षणसंस्थेत दादासाहेब फाळक्यांनी शिक्षण घेतले, सयाजीबागेतील संग्रहालय १८९४ साली उघडले, आणि गायकवाड घराण्याच्या स्मारकवास्तूत, म्हणजे कीर्तिमंदिरात, १९३९ पासून पुढील काही वर्षांत नंदलालांनी गंगावतरण, महाभारतातील युद्ध, मीरेचे जीवन आणि नटीर पूजा ही भित्तिचित्रे रंगवली. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि हंसा मेहता कुलगुरू असताना १९५० मध्ये तेथे ललित कला विद्याशाखा सुरू झाली. कलाशाळांतील पदविकेच्या जागी विद्यापीठाची पदवी देणारी आणि चित्र-शिल्पाच्या प्रत्यक्ष कामाबरोबर कलेतिहास व सौंदर्यशास्त्र यांना अभ्यासक्रमात स्थान देणारी ही भारतातील अग्रणी संस्था ठरली. मार्कंड भट्ट हे तिचे पहिले अधिष्ठाता होते. इंदूरच्या मराठी कुटुंबातून आलेले नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला विभागाचे प्रमुख झाले, रामकिंकरांचे विद्यार्थी शंखो चौधुरी यांनी शिल्पकला विभाग उभारला आणि सुब्रमण्यन १९५१ मध्ये तेथे रुजू झाले. एका आवाराची शिकवण दुसऱ्या आवारात पोहोचण्याचे हे दुवे योगायोगाने जुळलेले नसून जाणीवपूर्वक केलेल्या निवडीचे फळ होते.

बडोद्याने या परंपरेत दोन गोष्टींची भर घातली. पहिली म्हणजे वार्षिक मांडणी. कलेच्या पदवीपरीक्षेत विद्यार्थ्याने वर्षभर केलेले काम स्वतः निवडून, स्वतःला मिळालेल्या जागेत मांडायचे असते आणि परीक्षक ते त्या जागेत येऊन तपासतात. त्यामुळे मांडणी हीच उत्तरपत्रिका असते. ही उत्तरपत्रिका इतर विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि शहरातील जिज्ञासू यांनाही पाहता येत असल्याने परीक्षेचे प्रदर्शन होते, आणि प्रदर्शनात जी चर्चा होते तीही शिक्षणाचा भाग बनते. भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, ज्योती भट्ट यांसारखे कलावंत ज्या वातावरणात घडले, त्यात एकमेकांचे काम सतत आणि उघडपणे पाहण्याच्या या सवयीचा वाटा मोठा आहे. दुसरी भर म्हणजे १९६० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेली ललित कला जत्रा. शिक्षक आणि विद्यार्थी यांनी बनवलेली लाकडी, मण्यांची, चामड्याची खेळणी, छापे, मातीची भांडी, मुखवटे आणि फलक अशा वस्तू तेथे सामान्य माणसाच्या आवाक्यातील किमतीला विकल्या जात. सुब्रमण्यन यांनी या जत्रांसाठी केलेली खेळणी पुढे त्यांच्या एकूण कलाविचाराचा महत्त्वाचा भाग मानली गेली, कारण उच्च कला आणि कारागिरी यांच्यातील उतरंड त्यांना मान्य नव्हती आणि जत्रा ही ती उतरंड प्रत्यक्ष मोडून दाखवण्याची जागा होती. शांतिनिकेतनातही १९७३ पासून नंदलालांच्या ३ डिसेंबर या जन्मदिनाच्या आदल्या दोन दिवशी नंदन मेळा भरतो आणि त्याच्या उत्पन्नातून गरजू विद्यार्थ्यांना साहाय्य केले जाते. जत्रेत प्रेक्षक हा ग्राहकही असतो, घासाघीसही करतो आणि वस्तू घरी नेऊन वापरतो. दालनातील अबोल आदरापेक्षा हा संबंध अधिक बरोबरीचा असतो.

खुलेपणाची ही व्यवस्था नाजूकही आहे, याची जाणीव बडोद्यातील मे २००७ च्या घटनांनी करून दिली. परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या कामातील धार्मिक प्रतिमांवर आक्षेप घेऊन बाहेरील गट आवारात शिरला, विद्यार्थ्याला अटक झाली, आणि त्याच्या समर्थनार्थ विद्यार्थ्यांनी भारतीय कलापरंपरेतील शृंगारिक प्रतिमांच्या प्रतिकृतींचे जे प्रदर्शन मांडले ते बंद करण्यास नकार देणाऱ्या प्रभारी अधिष्ठात्यांना निलंबित करण्यात आले. या प्रकरणाची चर्चा सामान्यतः अभिव्यक्तिस्वातंत्र्य विरुद्ध धार्मिक भावना अशा सरळ विरोधाच्या रूपात झाली. तीत मागे पडलेला मुद्दा असा की वादग्रस्त ठरलेले काम परीक्षेसाठी मांडलेले होते, आणि परीक्षेसाठी मांडलेल्या कामाला प्रकाशित कृतीचे सर्व निकष लावले, तर शिकताना प्रयोग करण्याचा अधिकारच संपुष्टात येतो. दुसरीकडे, जी संस्था आपले दार वर्षानुवर्षे शहरासाठी उघडे ठेवते तिला आत येणाऱ्याच्या प्रतिक्रियेची जबाबदारी संपूर्णपणे नाकारताही येत नाही. अपुऱ्या कामाला संरक्षण आणि येणाऱ्याला प्रवेश ही दोन्ही आश्वासने एकाच वेळी पाळण्याची रीत संस्थेने आधीच ठरवून ठेवलेली असावी लागते. वाद उद्भवल्यावर ती शोधता येत नाही.

सार्वजनिक म्हणजे नेमके कोणाचे, हा प्रश्न शांतिनिकेतनाच्या संदर्भात अधिक अवघड रूप घेतो. रामकिंकरांच्या शिल्पांत आणि अनेक भित्तिचित्रांत सांथाल माणसे आहेत, आणि ती दयेच्या भावनेने न रंगवता सन्मानाने रंगवलेली आहेत. रामकिंकर स्वतः बांकुड्याच्या गरीब कुटुंबातून आलेले असल्यामुळे श्रमणाऱ्या देहाकडे पाहण्याची त्यांची नजर पाहुण्याची नव्हती. तरीसुद्धा चित्राचा विषय होणे आणि चित्रकार किंवा निर्णयकर्ता होणे यांत अंतर असते, आणि परिसरातील आदिवासी समाज आवाराच्या भिंतींवर जितका ठळक दिसतो तितकाच तो अध्यापकवर्गात आणि निर्णयप्रक्रियेत दिसतो का, हा प्रश्न या कलाकृतींचे श्रेष्ठत्व मान्य करूनही विचारावा लागतो. त्या कलाकृतींनी श्रमिकाला माणसाहून मोठे केले असल्यामुळेच तो विचारण्याचा नैतिक आधार मिळतो.

जतनाचा प्रश्नही शिक्षणापासून अलग काढता येत नाही. सिमेंट आणि खडीचे शिल्प पावसात झिजते, त्यातील लोखंड गंजले की भेगा पडतात, मातीच्या भिंतीला ओल लागते, आणि फ्रेस्कोचा रंग टिकाऊ असला तरी त्याखालचा गिलावा सुटू शकतो. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये शांतिनिकेतनचा जागतिक वारसास्थळांत समावेश केल्यामुळे संरक्षणाची निकड वाढली आहे, आणि त्याबरोबरच आवाराचे संग्रहालयात रूपांतर होण्याचा धोकाही वाढला आहे. कुंपण, तिकीट आणि पहारा यांनी शिल्प सुरक्षित राहते, पण ते ज्या येण्याजाण्याच्या वाटेसाठी घडवले ती वाट बंद झाली तर त्याचा अर्थ उणावतो. या पेचातून एक वेगळा मार्ग सुब्रमण्यन यांच्या कृतीत दिसतो. कलाभवनाच्या आरेखन विभागाच्या इमारतीच्या बाह्य भिंतींवर त्यांनी काळ्या-पांढऱ्या रंगांत काढलेली चित्रे हवामानाने विटली, तेव्हा २००९ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांनी त्या भिंती नव्याने रंगवल्या. प्रत्येक कलाकृतीला हा उपाय लागू पडणार नाही, कारण बिनोदबिहारींचे हिंदीभवन दुसऱ्या कोणाला पुन्हा रंगवता येणार नाही. पण आवारातील काही भिंती जपण्यासाठी आणि काही पुन्हापुन्हा रंगवण्यासाठी असतात, असा भेद करण्याचे भान त्यातून मिळते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या सर्व विवेचनाचे औचित्य आता वाढले आहे. सर जे. जे. कलाशाळेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यामुळे कलाशाळा विद्यापीठाबाहेर राहण्याची मुंबईतील जुनी स्थिती बदलली. तेथील विद्यार्थ्यांच्या वार्षिक प्रदर्शनाला दीर्घ परंपरा आहे आणि ते पाहण्यासाठी शहरातून लोक येतातही. मात्र राज्यातील बहुतेक विद्यापीठांत कला म्हणजे प्रवेशद्वाराजवळचा पुतळा आणि युवक महोत्सवातील रांगोळी व भित्तिपत्रकाची स्पर्धा एवढीच समजूत प्रचलित आहे. पुतळ्याला स्मरणाचे काम असते आणि स्पर्धेला निवडीचे; दोन्ही कामे रास्त असली तरी त्यांतून आवार शिकवू लागत नाही. भूगर्भशास्त्राच्या विभागाने स्थानिक दगडाची भिंत घडवणे, भाषाविभागाने संतांच्या पदांच्या अभ्यासातून आपले दालन रंगवून घेणे, किंवा परीक्षेची मांडणी आठवडाभर गावासाठी खुली ठेवणे यासाठी मोठ्या निधीची गरज नसते. शांतिनिकेतनाजवळही तो नव्हता. तेथे जांभ्याची खडी, चुना, डांबर आणि माती होती, शिकवायला तयार असलेला मिस्त्री होता, आणि शिक्षकांना भिंत वापरण्याची परवानगी होती.

म्हणून पुढील विवेचनात आवारातील कोणत्याही कलाकृतीला किंवा कार्यक्रमाला तीन प्रश्न विचारले आहेत : ती घडत असताना कोण काय शिकले, ती पाहण्यासाठी कोणाला परवानगी मागावी लागली नाही, आणि ती टिकवण्याचा किंवा पुसण्याचा निर्णय कोणी घेतला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येत नसेल तर ती कलाकृती आवारात असूनही आवाराची नसते. दुसऱ्याचे उत्तर संकुचित असेल तर सार्वजनिक हे विशेषण तिला लावता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर केवळ कार्यालयातील फाइलीत असेल, तर मात्र अभ्यासकांनी, विद्यार्थ्यांनी आणि आवाराशेजारी राहणाऱ्या नागरिकांनीही त्या निर्णयात आपला वाटा मागितला पाहिजे, आणि तो मागण्यासाठी लागणारी माहिती व युक्तिवाद पुरवणे हा या लेखनाचा प्रधान हेतू आहे.